मेणाचं कुंकू, कांडोळाचा डिंक आणि दंडावरची चकती



गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकीच्या मावशी कल्याणहून किन्हवलीला राहायला आल्या. दंडावर पांढरी गोल चकती, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. ओट्यावर बसलेल्या बायकांपैकी एकीने विचारलंच, "मावशी, कपाळ सोडून टिकली दंडाला कशाला लावली?" हसून हसून पुरेवाट झाली. मग मावशींनी सांगितलं, की ही साखर मोजायची चकती आहे. तिच्याखाली केसासारखी बारीक तार कातडीत गेलेली असते. चकती चौदा दिवस तिथेच राहते आणि मोबाइल जवळ नेला की साखरेचा आकडा दिसतो. रोज उठून बोट टोचायला नको.

सगळं कौतुक करून झाल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "पण खाजतं गं." चकतीच्या कडेने लाल कंगोरा उठला होता. मुदतीआधी काढावी तर हजारो रुपये पाण्यात. जिथून घेतली तिथे विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुम्हाला घाम जास्त येत असेल."

आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी शेजारी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या कुंकवाच्या मेणानं असं कई झालं नाय. झाडापानाचं सोडलं न बाटलीतलं धरलं, मंग खाजल नायतर काय व्हल?"

आजींचं बोलणं आम्ही वहीत उतरवून घेतलं आणि ते कितपत खरं आहे हे बघायला लागलो. मास्तरीणबाईंना विचारलं, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारलं, वाचनालयातली पुस्तकं काढली. आजी अर्ध्या बरोबर निघाल्या आणि अर्ध्या चुकल्या. आजचं भाषण त्या दोन्ही अर्ध्यांबद्दल आहे. माणसाच्या कातडीला काहीतरी चिकटवायचं, तासन् तास ठेवायचं आणि कातडीने तक्रार करायची नाही, हे कुणाला कसं साधलं, कुणाला साधलं नाही, याचा हा इतिहास आहे. आणि त्यातला मोठा भाग बायकांच्या कपाळावर घडलेला आहे.

सुरुवात मेणापासूनच करू. टिकलीचं पाकीट यायच्या आधी घरोघरी एक डबी असायची. ऐपत असेल तर आरसा बसवलेली फणेरपेटी, नसेल तर साधी पत्र्याची डबी. तिच्यात मेणाचा गोळा. मेण यायचं मोहोळाचं. आमच्याकडे कातकरी आणि ठाकर मंडळी कड्यावरची, झाडावरची मोहोळं उतरवतात. मध पिळून घेतला की पोळं गरम पाण्यात वितळवायचं, फडक्यातून गाळायचं, वर तरंगलेलं मेण गार झालं की काढून घ्यायचं. त्यात दोन थेंब खोबरेल टाकलं की ते बोटाला मऊ लागतं. करंगळीशेजारच्या बोटाने मेणाचा वाटोळा ठिपका लावायचा आणि त्यावर कुंकू दाबायचं. कुंकूही तेव्हा हळकुंडाचंच. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटं देऊन ते लाल करत.

आता यात गंमत काय आहे बघा. मेण कातडीला खऱ्या अर्थाने चिकटत नाही. ते अंगाच्या उबेने मऊ होतं, कातडीच्या बारीक रेघांमध्ये बसतं आणि वरचं कुंकू धरून ठेवतं. घामात ते विरघळत नाही. आणि काढताना कातडी ओढावी लागत नाही, तेलाचं बोट फिरवलं की आलं. मुख्य म्हणजे अंघोळीच्या वेळी रोज कपाळ मोकळं व्हायचं. थोडा वेळ का होईना, कातडीला उसंत मिळायची. वैशाखात मात्र मेण पातळ व्हायचं आणि दुपारपर्यंत कुंकवाचा ओघळ नाकावर यायचा. लग्नाच्या फोटोत नवरीच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल रेघ आलेली आमच्या घरातल्या जुन्या फोटोंत आहे. एवढाच काय तो दोष. इथवर आजी बरोबर.

पण 'झाडापानाचं' म्हणजे निर्धोक, हे आजींचं म्हणणं आम्हाला पटेना. आम्ही त्यांना बिब्ब्याची आठवण करून दिली. बिब्बाही झाडाचाच. परीट लोक कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचं तेल वापरत, ती खूण कितीही धुतली तरी जात नाही. तेच तेल गुडघ्याला नाहीतर टाचेला लावायची आपल्याकडे रीत आहे आणि ते लावून बिब्बा उतलेल्या बायका आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. पाण्याने भरलेले फोड, काळे डाग, महिनाभर हाल. आंब्याच्या दिवसांत पोरांच्या तोंडाच्या कडांना चीक लागून फोड येतात, तोही तोच प्रकार. बिब्बा, आंबा आणि काजू ही एका कुळातली झाडं आहेत आणि त्यांच्या चिकातली द्रव्यं एकमेकींच्या नात्यातली आहेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे. कातडीला त्रास दोन तऱ्हेने होतो. एक भाजल्यासारखा. चुना जास्त झाला की कुणाचीही कातडी जळते, आजची आज जळते. दुसरा त्रास वावड्याचा. वावडं असणारी वस्तू पहिल्यांदा लागली तर काहीच होत नाही. पण कातडीखालच्या रक्षक पेशी ती वस्तू ओळखून ठेवतात. मग पुन्हा कधी ती लागली की एक-दोन दिवसांत खाज, लाली, फोड. म्हणून 'इतके दिवस लावत होते, तेव्हा नाही झालं' हे कारण कधीच पुरेसं नसतं. इतके दिवस लावलं म्हणूनच वावडं तयार झालेलं असू शकतं. आणि एकदा तयार झालं की ते बहुधा जन्माचं.

हे झालं घरातलं. आता दवाखान्यातली चिकटपट्टी. तिचा उगम जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात सापडतो. पॉल बायर्सडॉर्फ नावाच्या औषधविक्याने १८८२ साली औषधी पट्टीचं पेटंट घेतलं. त्यात गटापर्चा वापरला होता, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. पुढे हा धंदा ऑस्कर ट्रोप्लोविट्झ यांनी विकत घेतला. त्यांनी जोरदार चिकटणारी पट्टी बनवायचं ठरवलं आणि ती इतकी जोरदार निघाली, की कातडी लालबुंद व्हायला लागली. दुसरा कुणी असता तर माल फेकून दिला असता. यांनी १८९६ साली तीच पट्टी सायकलच्या फुटलेल्या ट्यूबला लावायला म्हणून विकली! मग १९०१ साली रबराच्या मिश्रणात जस्ताची पांढरी पूड घालून सौम्य पट्टी आली. आरोग्य केंद्रात ट्रेमध्ये जी पांढरी चिकटपट्टीची गुंडाळी असते ना, ती हिचीच नात.

१९२० साली अमेरिकेत जोसेफिन डिक्सन या बाईंची बोटं स्वयंपाक करताना सारखी कापायची. त्यांचा नवरा अर्ल जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत नोकरीला होता. त्याने चिकटपट्टीच्या मधोमध कापसाच्या जाळीचे तुकडे ठेवून तयार पट्ट्या करून ठेवल्या, म्हणजे बायकोला एकटीला लावता याव्यात. त्याचंच पुढे बँड-एड झालं. स्वयंपाकघरातली कापलेली बोटं इतिहासात फारशी येत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या जुन्या पट्ट्यांमध्ये रबर आणि राळ दोन्ही असत. रबर चिवट, पण नुसतं रबर पुरेसं चिकट नसतं. पाइनच्या झाडाची राळ मिसळली की ते पकड घेतं. आणि बऱ्याच जणांच्या कातडीला पट्टीखाली जे पुरळ यायचं, त्यामागे पुष्कळदा ही राळच निघाली. टाचेच्या भेगांना आपण राळेचं मलम लावतो, बहुतेकींना काही होत नाही. पण ज्यांना राळेचं वावडं आहे त्यांना पट्टी, काही मलमं, रंगरोगण, सगळंच बाधतं. हे ओळखायची रीत जर्मन डॉक्टर योसेफ याडासोन यांनी १८९५ च्या सुमारास घालून दिली. संशय असलेल्या वस्तूचा कण कातडीवर लावून झाकून ठेवायचा आणि दोन दिवसांनी बघायचं. आजही त्वचेचे डॉक्टर पाठीवर याच रीतीने तपासतात. रबराचंही तसंच. १९८० नंतर दवाखान्यांत रबरी हातमोज्यांचा वापर फार वाढला, तेव्हा कितीतरी नर्सबायांना झाडाच्या रबराचं वावडं निघालं. आणि १९६० च्या सुमारास जी कागदासारखी हलकी पट्टी आली, तिच्यावरचा गोंद कारखान्यात बनलेला होता आणि तो पुष्कळांना राळेच्या पट्टीपेक्षा मानवला.

हे वाचून दाखवलं तेव्हा आजी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग टिकलीचं काय?"

टिकलीचं सांगतो. ते आमच्या गटाचं स्वतःचं दुखणं आहे.

१९८० च्या आसपास बाजारात टिकल्यांची पाकिटं दिसायला लागली. मखमली कापडाची टिकली, मागे गोंद, पुढे नक्षी. मेण नको, आरसा नको, ओघळ नाही. पाच मिनिटं वाचली आणि शेतावर जाणाऱ्या बाईला पाच मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. शिवाय एकच टिकली आठवडाभर पुरायची. रात्री आरशाला चिकटवायची, सकाळी परत कपाळावर. कुणी कुणी तर रात्रीही काढत नसे.

आमच्यातल्या एकीचं लग्न तेव्हा ठरत होतं. नाव नको पण गोष्ट सांगा, असं तिनेच आम्हाला सांगितलं आहे. तिच्या कपाळावर टिकलीच्या जागी आधी खाज आली. तिने लक्ष दिलं नाही. मग तिथे पांढुरका ठिपका उमटला. तो झाकायला तिने मोठी टिकली लावली. ठिपका मोठा झाला. तिने आणखी मोठी लावली. मुरबाडच्या बाजूचं स्थळ आलं होतं, पाहुण्यांनी 'मुलीला कोड आहे' म्हणून निरोप पाठवला. घरात नवस झाले, जडीबुटी झाली, वर्षभर तिला लग्नकार्यात कुणी पुढे बसवलं नाही. आणि या सगळ्या काळात ती रोज सकाळी उठून ज्याने डाग पडला तेच कपाळाला लावत होती, कारण कपाळ मोकळं ठेवायची सोय नव्हती.

तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही, पण हे कोडं सोडवायचं काम चालू होतं. टिकलीमुळे आणि चपलांमुळे कातडी पांढरी पडते असं आपल्या देशातले त्वचेचे डॉक्टर १९८५ पासून लिहीत होते. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकलीचा गोंदच तपासला आणि १९९० साली छापून दाखवलं, की त्यात पॅरा टर्शरी ब्यूटिलफिनॉल नावाचं द्रव्य मोकळं राहिलेलं असतं. नाव लांबलचक आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. काम लक्षात ठेवा. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. रंग बनवायला त्या जो कच्चा माल वापरतात, त्याच्यासारखाच या द्रव्याचा आकार असतो. पेशी फसतात, ते आत घेतात आणि मरतात. पेशी मेल्या की तेवढी जागा पांढरी. हाच चिकट पदार्थ चपला-बुटांच्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांच्या गोंदातही वापरत.

जगाला हे अगदीच नवं नव्हतं. अमेरिकेत कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या काळ्या कामगारांचे हात पांढरे पडले होते आणि त्यामागे रबरात मिसळलेलं याच जातीचं एक द्रव्य होतं, हे १९३९ सालीच छापून आलं होतं. म्हणजे पन्नास वर्षं आधी. गोऱ्या कातडीवर जे पटकन दिसलं नसतं ते काळ्या-सावळ्या कातडीवर दिसलं, आणि सोसलंही त्यांनीच.

आमच्या मैत्रिणीचा डाग टिकली बंद केल्यावर बराच भरून आला, पूर्ण नाही. सगळ्यांचा असा भरत नाही, काहींचा टिकलीच्या जागेबाहेरही पसरतो. म्हणून इथे थांबून दोन कामाच्या गोष्टी. पांढरा डाग पडण्याआधी पुष्कळदा खाज येते, ती निरोप समजा. आणि टिकली लावायचीच असेल तर झोपताना काढा, कपाळ धुवा, जुनी टिकली पुन्हा पुन्हा लावू नका, लहान मुलींना तर रोज लावूच नका. डाग दिसला तर झाकू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि टिकलीचं पाकीट बरोबर न्या.

आता पुन्हा झाडाकडे. आपल्या जंगलात एक झाड आहे, उन्हाळ्यात पार निष्पर्ण होतं आणि चांदण्यात त्याची पांढरी साल भुतासारखी चमकते. कांडोळ. कुणी कढई म्हणतं, कुणी भुत्या. फळावर कुसळं असतात, हाताला लागली की आग होते, पण आतल्या बिया भाजून खातात. या कांडोळाच्या खोडाला खाच पाडली की डिंक पाझरतो, त्याला व्यापारात कराया म्हणतात. चांगला डिंक मिळतो तो पावसाआधीच्या कडक उन्हात. खाऊच्या धावड्याच्या डिंकाहून हा वेगळा. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, कांडोळाचा विरघळत नाही, तो पाणी पिऊन फुगतो आणि लिबलिबीत, चिवट होतो. हुंगला तर जरा शिरक्यासारखा आंबूस वास येतो.

हा डिंक मुख्यतः आपल्याच देशातून जगभर गेला. कवळ्या हिरड्यांना घट्ट बसाव्यात म्हणून जी पूड वापरत ती याची. आणि १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या दवाखान्यात डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्या ध्यानात आलं, की ही पूड ओल्या कातडीलाही धरते. त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. आतड्याच्या दुखण्यात काही जणांना पोटावर शौचाची नवी वाट काढून द्यावी लागते आणि तिथे पिशवी लावावी लागते. पिशवी चिकटवायची कशी? आतड्यातला पाचक रस गळून कातडी सोलून निघायची. रबरी गोंद लावला की आग व्हायची. कांडोळाच्या डिंकाचं कडं भोवती बसवलं तर ते ओल शोषून घेई, पिशवी धरून ठेवी आणि कातडी वाचे. टर्नबुल यांच्याकडेच शस्त्रक्रिया झालेली नॉर्मा गिल ही बाई १९५८ पासून त्यांच्याबरोबर कामाला लागली आणि इतर रुग्णांना ही पिशवी कशी सांभाळायची ते शिकवू लागली. स्वतः भोगलेल्या बाईने शिकवल्यावर जो फरक पडतो तो पडला. अशा परिचारिका तयार करण्याचं शिक्षण तिथूनच सुरू झालं.

आपल्याकडच्या आदिवासींनी उन्हात फिरून गोळा केलेला डिंक साता समुद्रापार कुणाच्या पोटावर बसत होता, हे डिंक काढणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला मिळाला तो वजनाचा भाव. आणि भाव वाढला तशी झाडांवर कुऱ्हाड चालली. खोल आणि जागोजाग घाव घालून डिंक काढल्याने कितीतरी ठिकाणचे कांडोळ वाळून गेले. नंतर आंध्रकडे बारीक खाच पाडून, जखम भरू देऊन डिंक काढायची रीत शिकवण्यात आली. झाडाची साल हीसुद्धा कातडीच आहे, हे आमच्यातल्या एकीचं वाक्य. ते कुणी खोडायचं नाही असं ठरलं.

डिंकाचे दोषही होतेच. उकाड्यात आणि घामात तो वितळायचा, उघड्या कातडीला झोंबायचा. पुढे फळांच्या सालीतलं पेक्टिन, जिलेटिन आणि कारखान्यातलं रबर यांची मिश्रणं आली आणि कांडोळ मागे पडला.

आता मावशींच्या चकतीकडे यायचं तर मधे हृदयाच्या यंत्रावरून जायला हवं. कारण अंगावर काहीतरी लावून आतली खबर काढायची, ही कल्पना तिथून सुरू झाली. हॉलंडमध्ये विलेम आइन्टहोव्हेन यांनी १९०१ च्या सुमारास हृदयाची वीज नोंदवणारं यंत्र केलं. ते सुमारे २७० किलोचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. माणसाला काही चिकटवायचा प्रश्नच नव्हता, कारण त्याचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवत. त्यांना १९२४ साली नोबेल मिळालं. मग धातूच्या पट्ट्या आल्या, मग छातीला ओढून धरणारे रबरी फुगे. ईसीजी काढताना छातीवर गोल लाल वण उठतात ते यांचेच.

१९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी चालत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेतली. पाठीवर जवळजवळ ३८ किलोचं ओझं, आणि खबर जायची कशातून? रेडिओतून. म्हणून या भाषणात होल्टर आम्हाला आपले वाटतात. यंत्र पुढे लहान होत गेलं, पण दिवसभर अंगावर राहायचं म्हटल्यावर खारं पाणीही चालेना आणि फुगेही. चिकटणारी चकती हवी, आणि तिच्यातून वीज वाहायला हवी. इथे आपला कांडोळ पुन्हा भेटतो. पाणी धरून ठेवणारा, त्यातून वीज जाऊ देणारा आणि चिकट. दुखण्यावर विजेच्या सौम्य लहरी देणाऱ्या यंत्रांच्या चकत्यांमध्ये करायाचा डिंक वापरला गेला. पण झाडाचा डिंक प्रत्येक हंगामात सारखा निघत नाही, आणि यंत्राला हवी सारखेपणाची खात्री. मग कारखान्यातल्या लिबलिबीत मिश्रणाने त्याची जागा घेतली.

आणि अशा वाटेने आपण मावशींच्या दंडावर येऊन पोचलो. साखरेच्या चकत्या वापरणाऱ्या काहींच्या दंडावर फोड येऊ लागले, तेव्हा बेल्जियममधल्या त्वचेच्या डॉक्टरांनी चकती उलगडून पाहिली. २०१७ साली त्यांनी सांगितलं, की त्रास देणारं द्रव्य आयसोबॉर्निल ॲक्रिलेट आहे. गंमत अशी, की ते चिकटपट्टीत मुद्दाम घातलेलं नव्हतं. चकतीचे प्लास्टिकचे भाग जोडायच्या गोंदातून ते झिरपत कातडीपर्यंत येत होतं. चौदा दिवस, चोवीस तास. आणि हे द्रव्य कुठल्या कुळातलं? कापराच्या. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कापूर त आपन आरतीला लावतो." हो आजी, आरतीला. दंडाला चौदा दिवस बांधून ठेवत नाही.

टिकलीनेही मधे एकदा औषधाचं सोंग घेतलं होतं, तेही आपल्या महाराष्ट्रात. २०१५ साली नाशिकच्या नीलवसंत मेडिकल फाउंडेशनने ग्रे फॉर गुड या सिंगापूरच्या जाहिरातसंस्थेबरोबर 'जीवन बिंदी' काढली. मागे आयोडिनचा लेप लावलेली टिकली, आदिवासी भागातल्या बायकांच्या कपाळातून अंगात आयोडिन जावं म्हणून. जगभर कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. कल्पना आम्हालाही गोड वाटते. पण कातडीतून आयोडिन फार थोडं आत जातं आणि उघड्यावर ते उडूनही जातं, म्हणून पुष्कळ डॉक्टरांनी शंका घेतल्या. आम्हाला तर आणखी साधी गोष्ट सुचते. आयोडिनचं मीठ पिशवीत मिळतं, ते घरातले सगळे खातात, पुरुषही आणि पोरंही. बाईच्या कपाळालाच दर वेळी कामाला का लावायचं?

सध्या जगभर पुन्हा झाडापानाच्या आणि प्राण्यांच्या चिकट वस्तूंकडे लक्ष गेलं आहे. कोळंबी-चिंबोऱ्यांच्या कवचातून कायटोसान काढतात. रेशमाच्या प्रथिनात कॅल्शियम मिसळून अंगावरच्या यंत्रांसाठी चिकट थर केला गेला, तो पाण्याने धुऊन निघतो. खडकाला लाटांत घट्ट धरून राहणाऱ्या शिंपल्यांचा गोंद तपासून त्याची नक्कल करतात. २०१७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी शंख नसलेल्या गोगलगाईच्या चिकट बुळबुळीवरून ओल्या, रक्ताळलेल्या जागेवरही बसणारी पट्टी बनवली, तिच्यात कायटोसान आणि समुद्री शेवाळातलं द्रव्य आहे. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवरून आपण ज्या गोगलगाई चिमटीने उचलून मीठ टाकतो, तिचीच ही भावंडं. यातलं कुठलंही 'नैसर्गिक' या एका शब्दावर पास करू नये, एवढं आम्हाला बिब्ब्याने शिकवलं आहे. कोळंबीचं वावडं असलेल्या बाईने तरी आधी विचारावंच.

आणि आमचा प्रश्न जरा निराळा आहे. आषाढात आवणीला बाई सकाळी सातला चिखलात उतरते ती दुपारीच बाहेर येते. पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, आत घामाची वाफ, बाहेर पाऊस. या अंगावर चौदा दिवस चकती राहील का? राहिली तर खाली कातडीचं काय होईल? उद्या आरोग्य केंद्रातून गरोदर बाईच्या पोटाला, तान्ह्या बाळाच्या छातीला असल्या चकत्या लागतील. तान्ह्याची आणि म्हाताऱ्यांची कातडी तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी, साधी पट्टी ओढली तरी सोलते.

मावशींची चकती शेवटी अकराव्या दिवशी काढली. त्या नखाने ओढायला निघाल्या होत्या. आजी म्हणाल्या, "आगं थांब, आदी तेलात भिजव, मंग सोड." कडेने खोबरेल मुरवलं, दहा मिनिटं थांबलो, एका हाताने कातडी दाबून धरली आणि चकती वर न उपसता कातडीला समांतर, हळूहळू मागे दुमडत सोडवली. खाली लाल गोल, दोन बारीक फोड. मोबाइलवर त्याचा फोटो काढला, तारखेसकट. चकतीचा खोका मावशींनी टाकला नव्हता. त्यावरचं सगळं बारीक अक्षर आमच्यातल्या शिकलेल्या सुनेने भिंग घेऊन वाचलं. चिकटवायला काय वापरलं आहे, ते खोक्यावर नव्हतं. मग बनवणाऱ्यांच्या पत्त्यावर आम्ही मावशींच्या नावाने पत्र लिहिलं, फोटो जोडला आणि एकच गोष्ट विचारली: गोंदात काय काय आहे ते लिहून कळवा, आम्हाला ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. पत्र सोमवारी किन्हवलीच्या पोस्टातून गेलं. उत्तर आलं की याच वेळेला रेडिओवर वाचून दाखवू.